कॉलेज सोडावंसं वाटतंय? आधी हे करून बघा

कॉलेज कोणी एका दिवसात सोडत नाही. एक लेक्चर बुडतं, मग सबमिशन राहतं, मग सर विचारतील म्हणून पुढचं लेक्चर पण टाळलं जातं, आणि महिन्याभरात अभ्यासापेक्षा तिथे तोंड दाखवायचीच भीती जास्त वाटायला लागते. माझं तर ठाम मत आहे की अवघड विषयांपेक्षा ही लाजच जास्त पोरापोरींना बाहेर काढते.

म्हणून पहिलं काम, आजच एका सरांना किंवा मॅडमना मेसेज टाका. कारणं, माफी असलं लांबण लावू नका. "मी तीन आठवडे आलो नाही, आता काय काय भरून काढता येईल ते सांगाल का?" बास, एवढंच.

मग कागदावर खरं कारण लिहा. पैसे, विषय, एकटेपणा, घरची जबाबदारी की तब्येत? बऱ्याचदा दोन-तीन एकत्रच असतात, पण आपण सगळ्यांना "अभ्यास जमत नाही" एवढंच सांगतो.

पैशाचं असेल तर फीची तारीख उलटायच्या आधी ऑफिसात जा, हप्ते किंवा मदतनिधी आहे का विचारा. थोडीशी थकबाकी राहिली तरी कितीतरी ठिकाणी पुढचं रजिस्ट्रेशन अडकतं.

विषय नकोसा झाला असेल तर शेवटच्या वर्षाचा सिलॅबस उघडून बघा, तिथल्या कोणाशी बोला. पहिल्या वर्षी नुसता पाया असतो आणि सोडणारे पण पहिल्याच वर्षी जास्त असतात. पुढचंही नकोच वाटलं तर कोर्स बदलता येतो का, झालेले क्रेडिट धरतात का हे विचारा.

एकटेपणाला मात्र हलकं घेऊ नका. विन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्येच मांडलं होतं की विद्यार्थी टिकतो तो अभ्यासात आणि तिथल्या माणसांत, दोन्हीकडे रुळला तर. म्हणजे मार्क चांगले असूनही माणूस सोडून जाऊ शकतो. दहा मित्र नकोत, रोज शेजारी बसणारा एक जण शोधा.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर आधी डॉक्टर किंवा काउन्सेलर, कॉलेजचा निर्णय नंतर. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ताच, आज, कोणाला तरी सांगा.

आणि खरंच थांबायचं असेल तर थांबा, त्यात वाईट काही नाही, पण गायब होऊ नका. न सांगता गेलात तर रेकॉर्डवर नापास लागू शकतं आणि परत येणं अवघड होतं. रीतसर ब्रेक मागा आणि चार गोष्टी लेखी घ्या: परत कधीपर्यंत यायचं, फीचं काय, स्कॉलरशिप किंवा कर्जाचं काय, झालेले क्रेडिट किती दिवस चालतील.