पोलच्या टोकाचं रबर: पावसाळी ट्रेकच्या आधीच्या आठवड्यात

बूट, पाणी, टॉर्च, पोंचो, कोरडे मोजे. एवढं तुम्ही घेणारच, त्यावर शब्द घालवत नाही. ट्रेकिंग पोलची, म्हणजे चालताना टेकायच्या काठीची, उंची कोपर काटकोनात येईल इतकी, चढताना थोडी कमी, उतरताना थोडी जास्त. तेही सगळ्यांना पाठ आहे. राहतं ते टोकाचं रबरी बूच. पोलबरोबर ते फुकट येतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात राजमाचीला जाताना कोंदिवड्याच्या चिखलाने एक बूच गिळलं आणि वर श्रीवर्धन किल्ल्याच्या ओल्या पायऱ्यांवर एका हाताला रबर, दुसऱ्या हाताला उघडं कार्बाईड (पोलचं मूळचं कठीण, टोकदार टोक) अशी कसरत झाली. म्हणून ही तयारी आदल्या रात्रीची नाही, आधीच्या आठवड्याची आहे. आदल्या रात्री चूक कळली तर उपयोग काय? दुकानं बंद.

सगळ्यात आधी बूच पोलवर चढवा, पाण्यात बुडवा आणि ओढा. ओलं करून ओढा. कोरडं रबर टोकाच्या प्लॅस्टिकला घट्ट धरतं आणि आपली फसगत करतं. बादलीत टोक बुडवा, कुंडीतली थोडी माती लावलीत तर आणखी बरं, मग पिळत पिळत खेचा. सहज हातात आलं तर ते बूच तुमच्या पोलचं नाही, कितीही महागाचं असो. बहुतेक ट्रेकिंग पोलांची टोकं ११-१२ मिलीमीटरच्या घरात असतात, पण टोक निमुळतं असतं आणि प्रत्येक कंपनीचा उतार निराळा. मिलीमीटरभराचा फरक सोसायटीच्या गच्चीवर कळत नाही. म्हणून नवं बूच घ्यायला जाताना पोल बरोबर न्या. फोटो दाखवू नका, पोल न्या. औषधाच्या दुकानात आजोबांच्या काठीची बुचं मिळतात, ती १६, १९, २२ मिलीमीटरची. आत कागद कोंबून ती बसवायचा उद्योग करू नका. फेविक्विकही नको, कारण अर्ध्या वाटेत बूच काढावंच लागणार आहे. किंचित सैल असेल तर टोकाला इन्सुलेशन टेपचा एक वेढा देऊन पुन्हा बसवा, पुन्हा ओलं करा, पुन्हा ओढा. दोन्ही पोलांची ओढा. एक पक्कं निघालं म्हणून दुसरंही असेल असं धरून चालू नका, मी तेच धरून चाललो होतो.

बूच हातात आहे तोवर आत बोट घालून बघा. चांगल्या बुचात तळाशी धातूची चकती असते, कार्बाईडचं टोक रबर भोसकून बाहेर येऊ नये म्हणून. चकती नसेल तर ते बूच डांबरी रस्त्यावर फार टिकणार नाही. जुनं बूच असेल तर फरशीवर पोल टेकवा. धप्प असा बसका आवाज आला तर ठीक. टक्क वाजलं तर टोक आरपार आलंय. बाहेरून नख रोवून बघा. मुंबईच्या खिडकीत दोन उन्हाळे काढलेलं रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा जातात, आणि असं रबर ओल्या दगडावर धरत नाही. बदलायचं तर जोडीने बदला.

आता आकार. गोल, सपाट तळाचं, नक्षी असलेलं बूच आपल्याकडच्या बहुतेक वाटांना पुरतं. बुटासारखं पुढे निघालेलं, तिरकं बूच मिळतं, ते डांबर आणि सिमेंटसाठी. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता पोल घेऊन चालायचा असेल तर ते आरामाचं. तिरक्या तळाची दिशा मात्र बघा, टोक मागे वळलेलं हवं. उलटं बसवून चालणारे लोक दिसतात आणि मग पोल घसरतो म्हणून कुरकुरतात. तिसरं ते नुसतं टोपण, बारीक, गुळगुळीत. ते प्रवासात टोक झाकण्यासाठी असतं. त्यावर चालू नका.

दगडी पायऱ्यांवर रबरच. एक कारण पकडीचं: आपला बसाल्ट कठीण, त्यावर कार्बाईड रुततं कमी आणि सरकतं जास्त. दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. कार्बाईड दगडावर पांढरे ओरखडे ठेवतं. कान्हेरीच्या कोरीव पायऱ्या असोत की लोहगडाच्या, तिथे ठकठक करत उघडी टोकं आपटणाऱ्यांना दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. २०२५ मध्ये लोहगड, राजगड, रायगड यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याचे स्टेटस सगळ्यांनी ठेवले. टोकाला रबर किती जणांनी लावलं? नवं बूच चकचकीत असेल तर त्याचा तळ काचपेपरवर दोन-चार वेळा घासून घ्या. आणि शेवाळ असेल तर रबर, कार्बाईड कशावरच भरवसा नको. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात टोक अडकवा किंवा कडेच्या मातीत रोवा, वजन पायावर ठेवा. कोरड्या कातळावर, जानेवारी-फेब्रुवारीत, हेच रबर इतकं छान धरतं की माणूस पावसाळा विसरतो.

चिखलात उलट. रबर काढा. चिखल दिसल्यावर नाही, चिखलाच्या आधी. बूच चिखलात रुतलं की खाली हवा शिरत नाही, चिखल बूच ओढून धरतो, पोल वर येतो, बूच खाली राहतं. डांबरी रस्ता संपून भातखाचरं सुरू झाली की थांबायचं, बुचं काढायची, चेनवाल्या खिशात टाकायची. पँटच्या खिशात नको, तिथून पडतात. त्या जागी टोकाच्या वर रुंद बास्केट (प्लॅस्टिकची गोल चकती) चढवा, म्हणजे पोल गुडघाभर आत जाणार नाही. बास्केट घरीच फिरवून बघा, आटे बसतात की नाही ते. तुम्ही म्हणाल, चिखलात काढायचंच आहे तर घट्ट असण्याचा एवढा आग्रह कशाला? कारण तुम्ही काढायला विसरणार. गप्पांत विसरणार, पाऊस जोरात आहे म्हणून विसरणार, पुढचा थांबला नाही म्हणून विसरणार. आणि दोन दगडांमध्ये आपण न पाहिलेला चिखल असतोच. म्हणून ओलं करून ओढून बघा, हे मी परत सांगतोय आणि खाली पुन्हा सांगेन.

बांधावरून चालताना उघडं टोक बांधात खुपसू नका. त्या बांधाने शेतात पाणी अडवलेलं असतं. तुमच्या भोकातून ते झिरपायला लागलं की शेतकऱ्याला बुजवत बसावं लागतं. बांधावर पोल हातात उचलून चाला, पडलात तर चिखलातच पडाल.

घसाऱ्यावर, मुरमाड उतारावर उघडं कार्बाईडच. रबर सुट्या खड्यांवरून त्या खड्यांबरोबरच निघून जातं. माथेरानसारख्या जांभ्यावर कोरड्यात दोन्ही चालतं, खडबडीत असतो. पावसात तांबडी माती लोण्यासारखी होते, तेव्हा काढा. आत काही रस्त्यांना पेव्हर ब्लॉक आहेत, तिथे परत लावा. हो, सारखं काढ-घाल करावं लागतं, कंटाळा येतो. ज्यांना ते जमत नाही त्यांनी एक पोल रबराचा, एक उघडा असं फिरू नये. दोन्ही हातांना वेगळी पकड मिळाली की तोल कुठे जातो ते सांगायला मी आहेच.

शिड्या, रॉक पॅच (हातांनी धरून चढायचा कातळ), हरिहर किल्ल्याच्या खोबण्यांच्या पायऱ्या: पोल बंद, बॅगेला आडवे नाही, उभे बांधा. हात मोकळे हवेत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवरही तेच, मनगटाला लोंबकळता पोल तिथे दुसऱ्याच्या तोंडावर येतो.

लोकलमध्ये टोकं झाकलेली हवीत. पहाटेची कसारा किंवा कर्जत गाडी रिकामी वाटते, परतीची रविवार संध्याकाळची नसते, आणि उघडं टोक दारातल्या माणसाच्या पायावर आलं तर तो जे बोलेल ते योग्यच असेल. रॅकवर ठेवलेत तर उतरताना आठवा.

एक जादा जोडी बॅगेत टाका. तीसुद्धा ओलं करून ओढून बघितलेली. जादा जोडी न तपासता नेणं म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा विकत घेणं.

घरी आल्यावर बुचं काढा, आतली माती धुवा, पोलचे भाग वेगळे करा, पुसा, पंख्याखाली ठेवा. पिळून घट्ट करायच्या लॉकला तेल लावू नका, पकड जाते. अडकलेलं बूच निघत नसेल तर गरम पाण्यात धरा. पोल भाग जोडून कपाटावर टाकू नका, सुटेच ठेवा, आणि बुचं पोलच्याच पिशवीत.