एसीच्या तापमानाचा नियम घरी आणि कामाच्या जागी कसा पाळावा

एसीच्या तापमानाविषयी नियम आला की लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘आता किती अंशांवर लावायचा?’ हा. त्याआधी नियम नेमका कशाला लागू आहे हे पाहायला हवे, कारण या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे यंत्राचे मूळ सेटिंग: भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार स्टार लेबल असलेले रूम एसी १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांच्या मूळ सेटिंगसह येतात आणि ते वापरणाऱ्याला बदलता येते. दुसरी म्हणजे यंत्र ज्यापलीकडे जाऊच शकणार नाही अशी मर्यादा. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जाहीर केलेला २० ते २८ अंशांचा प्रस्ताव या प्रकारचा होता. तिसरी म्हणजे जागेवरचे बंधन. स्पेनने ऑगस्ट २०२२ मध्ये दुकाने, कार्यालये आणि सार्वजनिक इमारती २७ अंशांपेक्षा थंड करण्यास मनाई केली, मात्र खासगी घरे त्यातून वगळली. पहिल्या दोन प्रकारांचा संबंध नव्या खरेदीशी येतो, तर तिसऱ्याची जबाबदारी जागा चालवणाऱ्यावर पडते.

नियमातला आकडा रिमोटवरचा आहे की खोलीतला, हेही नीट वाचून घ्यावे. जपानमध्ये २००५ पासून चाललेल्या ‘कूल बिझ’ मोहिमेतला २८ अंशांचा आकडा खोलीच्या तापमानाचा आहे, एसीच्या सेटिंगचा नाही. पण अनेकांनी तो रिमोटवर लावला आणि उकाड्यात काम केले. एसीचा सेन्सर सहसा इनडोअर युनिटमध्ये, आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या वाटेवर असतो. तो छताजवळची हवा मोजतो, आणि खाली खिडकीलगत बसलेल्या माणसाला त्याहून बरेच वेगळे तापमान जाणवत असू शकते. म्हणून साधा डिजिटल थर्मामीटर, शक्यतो आर्द्रताही दाखवणारा, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवावा. त्यावर ऊन किंवा एसीचा थेट झोत येऊ देऊ नये आणि एसी सुरू करून अर्धा तास झाल्यावरच आकडा वाचावा. नियम पाळताना होणारे निम्मे वाद या एका मोजमापाने मिटतात, असे माझे ठाम मत आहे.

आकडा वाढवल्याने वीज का वाचते, हे समजले की नियम जाचक वाटत नाही. भिंती, छत आणि काचांमधून आत येणारी उष्णता बाहेरच्या व आतल्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ४० अंश आणि आत २० अंश असताना फरक २० अंशांचा असतो; आत २४ ठेवले तर तो १६ होतो, म्हणजे या मार्गाने येणारी उष्णता एक पंचमांशाने घटते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. ही बचत एसीच्या वापरातली असते, संपूर्ण वीजबिलातली नव्हे. शिवाय, खोली लवकर गार व्हावी म्हणून १६ वर लावण्यात काही अर्थ नाही: साध्या एसीचा कॉम्प्रेसर २४ वरही पूर्ण क्षमतेनेच चालतो, फक्त तिथे तो योग्य वेळी थांबतो.

घरात खरी अडचण आर्द्रतेची असते. एसी हवा थंड करता करता तिच्यातील पाणीही काढून घेतो. सेटिंग वाढवले की कॉम्प्रेसर कमी चालतो आणि दमट हवेत २६ अंशांवरही अंग चिकट राहते. अशा वेळी तापमान खाली आणण्यापूर्वी ड्राय मोड वापरून पाहावा, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात आणि फिल्टर धुवावेत. त्यासोबत छताचा पंखा मंद गतीने सुरू ठेवावा. हवा अंगावरून वाहिली की घाम लवकर सुकतो आणि दोन-तीन अंश अधिक तापमान सहज सोसते, तर पंख्याला लागणारी वीज एसीच्या मानाने अगदी थोडी असते. दुपारी ऊन येणाऱ्या काचेवर बाहेरच्या बाजूने सावली केली तर आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोग होतो, कारण उष्णता काचेच्या आत शिरण्याआधीच अडते. तान्ही मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्या बाबतीत मात्र आकड्याचा आग्रह धरू नये; त्यांचे शरीर उष्णता नीट हाताळू शकत नाही, आणि जागेवर बंधन घालणाऱ्या नियमांतही रुग्णालयांसारख्या ठिकाणांना सवलत मिळते ती याच कारणाने.

व्यवसायात एकच आकडा सर्वांना सारखा लागू पडत नाही. गिऱ्हाईक दुकानात काही मिनिटे थांबते, तर गल्ल्यावरचा माणूस दिवसभर बसतो. भट्टीजवळ उभ्या असलेल्याची गरज आणखी वेगळी. म्हणून आधी प्रत्येक भागाचे तापमान मोजावे, गरम कोपऱ्यांत पंखे द्यावेत, थेट झोताखालच्या खुर्च्या हलवाव्यात आणि पोशाखाचा नियम सैल करावा. ‘कूल बिझ’मध्ये टाय आणि कोट काढण्याची मुभा देण्यात आली होती, आणि ती नसती तर २८ अंशांची अपेक्षा करणे कर्मचाऱ्यांवर अन्याय ठरले असते. रस्त्याकडचा दरवाजा उघडा राहत असेल तर बाकी सारे व्यर्थ जाते. स्पेनच्या नियमात दरवाजे आपोआप बंद होण्याची सोय सक्तीची केली होती. केंद्रीय यंत्रणा असल्यास सेटिंग एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावे, पण तक्रार ऐकण्याची वेळ आणि पद्धतही ठरवावी, नाहीतर लोक घरून पंखे आणतात किंवा सेन्सरशी छेडछाड करतात.

सर्व्हरची खोली या हिशेबातून वेगळी काढावी. अशा यंत्रांसाठी अमेरिकेतील ‘ॲश्रे’ या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे, त्यामुळे तिथेही अति थंडाव्याची गरज नसते. मात्र त्या खोलीचा एसी स्वतंत्र ठेवावा, म्हणजे एका यंत्रासाठी सारा मजला गार करावा लागणार नाही. तपासणीची शक्यता असेल तर रोज ठरावीक दोन वेळा, ठरावीक जागीच मोजलेले तापमान आणि आर्द्रता वहीत नोंदवावी, आणि ज्या भागासाठी सूट घेतली असेल त्याचे कारण त्याच पानावर लिहून ठेवावे.