कॅन्सरच्या पेशंटचा प्लेटलेटचा आकडा कसा वाचायचा

मी वर्धा जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. रिपोर्ट हातात पडला की लोक विचारतात, "मॅडम, प्लेटलेट वाढल्या, म्हंजे बरंच झालं न जी?" डेंग्यूमुळे आपल्याकडे ही समजूत पक्की बसली आहे. कॅन्सरचा हिशोब वेगळा.

दीड ते साडेचार लाख हा नेहमीचा आकडा. त्याच्या वर गेला म्हणून लगेच धसका घेऊ नका. रक्तातलं लोह कमी असलं किंवा इन्फेक्शन असलं तरी प्लेटलेट चढतात. पण पेशंट कॅन्सरचा असेल तर त्या आकड्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा. गाठीतून सुटून रक्तात आलेल्या बहुतेक पेशी तिथेच मरतात. रक्ताच्या प्रवाहाचा मार असतो, शरीराच्या मारक पेशीही मागे लागतात. प्लेटलेट त्यांना चिकटल्या की मात्र भोवती कवच तयार होतं. मग त्या मारक पेशींच्या तावडीतून सुटतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला धरतात आणि फुप्फुसात, यकृतात शिरतात. उंदरांच्या प्लेटलेट कमी केल्यावर कॅन्सर कमी पसरला, हे १९६८ सालीच दिसलं होतं.

ॲस्पिरिनने प्लेटलेटचं चिकटणं कमी होतं, पण हे वाचून कोणी मनानेच ती सुरू करू नये, हात जोडून सांगते. केमोनंतर आठ-पंधरा दिवसांत प्लेटलेट आपोआपच उतरतात. त्यात ॲस्पिरिन म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. त्या दिवसांत दातांना काडी नको, मऊ ब्रश घ्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर बंदच. हिरड्यांतून रक्त, पायावर लाल बारीक ठिपके, काळी शौच, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, तर तेल लावून चोळू नका. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, हे फ्रान्सच्या ट्रूसो या डॉक्टरांनी १८६५ मध्येच सांगितलं. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. दम लागला तर १०८ ला फोन करा.

आणखी एक. केमो नाही, रक्तस्राव नाही, तरी आकडा एकदम चाळीस हजार आला, तर "स्लाईड पाहिली का?" असं लॅबला विचारा. जांभळ्या झाकणाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला त्या नीट मोजता येत नाहीत. मायक्रोस्कोपखाली मला त्यांचे झुबके स्पष्ट दिसतात. अशा वेळी निळ्या झाकणाच्या नळीत रक्त पुन्हा घेऊन मोजता येतं.