परदेशात मैत्रिणीला वाढदिवसाचं सरप्राइज देताय? आधी या चुका टाळा

जर्मनीत स्टुटगार्टला येऊन मला नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत किती जणांच्या वाढदिवसाला मी लाइट बंद करून सोफ्यामागे बसलेय ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. मास्टर्सला आलेली मुलं, नोकरीवाले, लग्न होऊन आलेल्या मुली, सगळ्यांचे वाढदिवस केलेत. दर सहा महिन्यांनी भारतातून नवीन बॅच येते, उत्साह भरपूर असतो, आणि चुका मात्र त्याच. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

विसरल्याचं नाटक करू नका

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक हीच, म्हणून आधी हिच्यावरच बोलते.

पुण्यात नाहीतर नाशकात तुम्ही मैत्रिणीला दिवसभर विश केलं नाही तर फारसं बिघडत नाही, कारण सकाळी आईने ओवाळलेलं असतं, शेजारच्या काकू डोकावून जातात, आत्याचा फोन येतो, संध्याकाळी भाऊ येताना पेस्ट्री घेऊन येतो. मित्र विसरले तरी तिचा दिवस भरलेला असतो. इथे त्या दिवशी तिचा वाढदिवस आहे हे माहीत असलेले आपण पाच-सात जणच असतो, आणि त्या पाच-सात जणांनीच ठरवून गप्प बसायचं म्हटल्यावर तिने काय समजायचं?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरची एक मैत्रीण, येऊन दोनच महिने झालेले, इथला पहिला वाढदिवस, नोव्हेंबरातला शनिवार. आम्ही तिला सोडून वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप केला, रूममेटला सामील करून घेतलं आणि सगळ्यांना ताकीद दिली की कुणीही विश करायचं नाही, फोन आला तर कामात आहे म्हणायचं. सकाळी तिने दोघा-तिघांना विचारलं की संध्याकाळी काय करताय, सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे कारणं दिली. एकाने असाइनमेंटचं, एकीने बरं नसल्याचं. संध्याकाळी सहाला आम्ही नऊ जण तिच्या दोन खोल्यांच्या घरात जाऊन बसलो, फुगे लावले, केक फ्रीजमध्ये, लाइट बंद. सात वाजले, आठ वाजले, तिचा पत्ता नाही. फोन स्विच ऑफ. नऊला रूममेट रडकुंडीला आली की पोलिसांना कळवायचं का.

झालं असं होतं की कुणालाच वेळ नाही म्हटल्यावर तिला खोलीत बसवेना, म्हणून ती दुपारी ट्रेन पकडून उल्मला गेली होती, तासाभरावर आहे. डॅन्यूबच्या काठाने एकटीच फिरली, थंडीत. सव्वादहाला किल्लीचा आवाज आला, आम्ही लाइट लावून ओरडलो, आणि ती दारातच उभी राहिली, बूट पायात, तोंडातून शब्द नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली कारण दहा वाजून गेले होते. आजींची माफी मागून झाल्यावर तिने खांद्यावरची बॅग टेबलावर ठेवली आणि त्यातून बेकरीच्या कागदाची एक पुडी काढली, चेपलेली, तेलाचा डाग पडलेली. आत सफरचंदाच्या केकचा अर्धा तुकडा होता. स्वतःच्या वाढदिवसाला तिने स्वतःच घेतलेला, आणि एकटीला अख्खा गेला नाही म्हणून परत बांधून आणलेला.

नंतर तिने आमचा केक कापला, फोटोत हसली, सगळं झालं. पण दोन दिवसांनी भांडी घासताना मला म्हणाली, "ताई, मला खरंच वाटलं गं की इथे माझं कुणीच नाही." त्या ग्रुपमध्ये मीही होते आणि मी नको म्हणाले नव्हते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा नियम एकच, सकाळी फोन करून मनापासून विश करायचंच. सरप्राइज केकचं असू दे, आलेल्या माणसांचं असू दे, हॅम्बर्गहून गुपचूप आलेल्या शाळेतल्या मैत्रिणीचं असू दे, पण तुझा वाढदिवस आमच्या लक्षात आहे की नाही हे कोडं तिला घालायचं नाही. आणि संध्याकाळचा साधा प्लॅन तिच्याशी आधीच ठरवायचा, सहाला दोघी कॉफीला भेटू वगैरे, म्हणजे ती दुसरीकडे कुठे जात नाही. एक जण दुपारपासून तिच्यासोबतच राहतो. हे काम मी बहुतेक वेळा स्वतःकडे घेते, फुगे फुगवायला बाकीचे असतात.

भारतातले बारा की इथले बारा?

हिवाळ्यात भारत आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे इथे रात्री बारा वाजता केक कापून उत्साहाने आईला व्हिडिओ कॉल लावलात तर तिथे पहाटेचे साडेतीन नाहीतर साडेचार वाजलेले असतात. आई उचलते हो, आई नेहमीच उचलते, पण आजी-आजोबा झोपलेले असतात आणि बाबा सकाळी कामावर जायचे असतात. नवीन आलेल्यांना बाराचंच फार आकर्षण. माझं म्हणणं, भारतातले बारा पकडा. आदल्या दिवशी आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि उन्हाळ्यात साडेआठ, अगदी जेवणाची वेळ, शेजाऱ्यांनाही त्रास नाही, आणि घरचे बाराला विश करायला जागेच असतात. तेवढ्यात औक्षण उरकून घ्यायचं, आजीला निरांजनाचा उजेड पोरीच्या तोंडावर दिसला की तिचाही दिवस भरून पावतो.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात वाढदिवस असेल तर घरच्यांना भारताची वेळ सांगा, "तुमच्या बाराला" एवढंच. एकदा आम्ही हिशेबात एक तास चुकलो तर साताऱ्याचे काका-काकू नवीन कपडे घालून तासभर फोनसमोर बसून होते.

आईला पेढे कुरियर करायला लावू नका

ही माझी दुसरी दुखरी नस. दरवर्षी कुणीतरी गुपचूप मैत्रिणीच्या आईला फोन करतं, काकू तुम्ही पार्सल पाठवा, आम्ही ऐन वेळी तिच्या हातात देतो. कल्पना छानच आहे. पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून खासगी पार्सलने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या, सगळं कस्टममध्ये, म्हणजे इथल्या भाषेत त्सोलमध्ये अडकतं. विमानाने बॅगेत आणायलाही हाच नियम. शिवाय घरच्यांनी पाठवलेली भेट 45 युरोपर्यंतच करमुक्त, आणि काकूंनी प्रेमाने फॉर्मवर साडीची खरी किंमत लिहिली की झालं.

आमच्याकडे एकदा असंच झालं. ज्याचा वाढदिवस त्या मित्राच्याच नावाने पार्सल होतं, त्यामुळे कस्टमचं पत्र त्याच्याच पेटीत पडलं. सरप्राइज तिथेच संपलं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून तो आणि मी त्सोलच्या ऑफिसात गेलो, त्याने काउंटरवर स्वतःच्या हाताने खोका उघडला. आईने जुन्या सुती साडीच्या तुकड्यात शर्ट गुंडाळला होता, मध्ये स्टीलचा डबा, डब्याच्या झाकणाला चहूबाजूंनी चिकटपट्टी, त्यावर पेनाने त्याचं घरचं लाडाचं नाव. अधिकारी बाई चांगल्या होत्या, नीट समजावून सांगितलं, पण पेढे काढून घ्यावेच लागले. रिकामा डबा तेवढा परत दिला. तो डबा घेऊन ट्राममध्ये तो पूर्ण वेळ गप्प होता.

म्हणून सांगते, काकूंकडून चिवडा, चकली, तिळगुळाचे लाडू मागवा, दूध-खवा नसलेलं काहीही, फॉर्मवर आत काय आहे आणि किती किमतीचं ते खरं आणि तपशिलात लिहायला सांगा, आणि महिनाभर आधी पाठवा. पत्ता तुमचा द्या, तिचा नको, म्हणजे पत्र तुमच्याकडे येतं. आणि इथे बहुतेक घरांना फ्लॅट नंबर नसतो, बेलवर आणि पत्रपेटीवर जे आडनाव असतं त्यावरच पार्सल येतं. तुम्ही कुणाकडे भाड्याने खोली घेऊन राहत असाल तर घरमालकाचं आडनावही पत्त्यात हवं, नाहीतर पार्सल आलं तसं परत.

गोड हवंच असेल तर इथल्या क्वार्कचं, म्हणजे चक्क्यासारख्या मऊ चीजचं श्रीखंड करा. क्वार्क रात्रभर पंच्यात टांगून ठेवायचं, जास्त फॅटवालं घ्यायचं, मागेर, म्हणजे बिनफॅटचं, लिहिलेलं घेतलंत तर रवाळ आणि आंबट होतं. साखर, वेलची, केशर. घाईच्या लोकांना रात्रभर टांगायचं जिवावर येतं आणि मग वाटीत पाणी सुटलं की मला फोन करतात. रात्रभर म्हणजे रात्रभर, तिथे शॉर्टकट नाही.

केकच्या भानगडी

सुपरमार्केटातला फ्रोझन केक सुटायला पाच-सहा तास लागतात, ऐन वेळी फ्रीझरमधून काढलात तर सुरी आत जाणार नाही. शाकाहारी मैत्रीण असेल तर पाकिटावर Gelatine, म्हणजे जिलेटिन, हा शब्द शोधा, इथल्या क्रीमच्या केकमध्ये तो बऱ्याचदा असतो आणि तो प्राण्यांपासून केलेला असतो. अंडंही नको असेल तर व्हीगन लिहिलेला घ्या, किंवा घरी करा. रविवारी दुकानं बंद असतात हे नऊ वर्षांपूर्वीही लोक विसरायचे आणि आजही विसरतात, मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी मिळतात पण तिथे मेणबत्त्या मिळतीलच असं नाही.

केकवर लावायचं ते ठिणग्या उडवणारं नळकांडं घरात पेटवू नका. प्रत्येक घराच्या छताला स्मोक अलार्म असतो, आणि होस्टेलात तो अनेकदा पूर्ण इमारतीच्या यंत्रणेला जोडलेला असतो, वाजला की फायर ब्रिगेड दारात आणि खर्चाचं बिल नंतर घरी. अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती कुणी सुचवली तर त्याला तिथेच थांबवा, झोपेत खरी आग लागली तर काय? साधं निरांजन खिडकीशेजारी लावा, काही होत नाही.

ऑफिसातल्या जर्मन लोकांना सामील करताना

वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नका, अगदी एक दिवस आधीही नाही, इथे तो अपशकुन मानतात. उशिरा दिल्या तर चालतात. आणि ऑफिसात केक वाढदिवस असलेल्या माणसाने स्वतः आणायचा असतो. हे मैत्रिणीला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटतं कुणी केक आणला नाही आणि त्यांना वाटतं हिने आणला नाही, दोन्हीकडे उगाच मनं खट्टू.

आवाज, किल्ली आणि जिना

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर. जर्मन लोकही आदल्या संध्याकाळी जमून बाराची वाट बघतात, पण स्पीकर लावून नाचत नाहीत. तीन महिन्यांपूर्वी आलेली मुलं मला सांगतात की ताई जिन्यात चिठ्ठी लावली की चालतं. चिठ्ठी लावावीच, पण ती म्हणजे परवानगी नाही.

इथली दारं ओढली की बाहेरून उघडत नाहीत, बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठच नसते. सरप्राइजसाठी जिन्यात लपायला सगळे बाहेर आले, दार वाऱ्याने बंद, किल्ली आत, आणि रविवारी रात्री किल्लीवाल्याला दोनशे चाळीस युरो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. किल्ली एकाच्या खिशात, आणि तो माणूस कोण ते आधी ठरवायचं.

चमकी आणि कागदाचे तुकडे उडवू नका. आमच्या श्वाबेन भागात जिना झाडायची पाळी असते, केरवोखं म्हणतात, ज्याच्या दाराला पाटी लटकते त्या आठवड्यात झाडायचं काम त्याचं. तुमची चमकी खालच्या आजींच्या वाट्याला येते.

त्याच आजी, ज्यांनी त्या रात्री बेल वाजवली होती. आता मी कुणाचाही वाढदिवस केला की दुसऱ्या दिवशी दुपारी केकचा एक मोठा तुकडा झाकून त्यांना नेऊन देते. गेल्या खेपेला बशी परत करताना त्यांनी विचारलं की ती उल्मवाली मुलगी कशी आहे, तिचा वाढदिवस नोव्हेंबरातच असतो ना.