लिंडबर्ग अपहरण खटल्यावर लिहिताना या चुका टाळा

‘अपहरणाबद्दल फाशी’ असं लिहून मोकळं होऊ नका. त्यातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत.

१ मार्च १९३२च्या रात्री न्यू जर्सीत, होपवेलजवळच्या घरातून वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचं वीस महिन्यांचं बाळ पळवलं गेलं. खिडकीत ५०,००० डॉलर मागणारी चिठ्ठी सापडली. पण १९३५ साली फ्लेमिंग्टनच्या कोर्टात ब्रूनो हाउप्टमानवर खटला चालला तो खुनाचा. त्या राज्यात तेव्हा अपहरणाला मृत्युदंड नव्हता. घरफोडी करताना कुणाचा जीव गेला तर तो खून, या नियमावर सरकारी वकील विलेंट्झ उभे राहिले. मग घरफोडीत चोरीला गेलं काय? बाळाच्या अंगावरचे झोपायचे कपडे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना. ३ एप्रिल १९३६ला हाउप्टमानला विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं. ‘लिंडबर्ग कायदा’ही (राज्याच्या हद्दीबाहेर नेलेल्या अपहरणाला केंद्रीय गुन्हा ठरवणारा) या खटल्याला चिकटवू नका, तो घटनेनंतर, जून १९३२मध्ये आला.

घटनांचा क्रम तर हमखास उलटा लागतो. ‘पैसे घेऊन बाळाला मारलं’ असं नाही. २ एप्रिलला न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या दफनभूमीत मध्यस्थ, निवृत्त शिक्षक जॉन काँडन यांनी खंडणीची रक्कम दिली, आणि १२ मेला घरापासून काही मैलांवरच्या झाडीत मृतदेह मिळाला. पण बाळ बहुधा पहिल्याच रात्री गेलं होतं.

नोटांवर खुणा केल्या होत्या, हेही खरं नाही. फक्त नंबर टिपून ठेवले होते, आणि बऱ्याचशा नोटा मुद्दाम सोन्याच्या हमीच्या निवडल्या होत्या. १९३३मध्ये सरकारने तशा नोटा परत मागवल्या, त्यामुळे त्या उठून दिसू लागल्या. सप्टेंबर १९३४मध्ये एका पेट्रोलपंपावरच्या माणसाच्या हातात तशी दहाची नोट आली. बँक ती घेईल की नाही या धास्तीने त्याने तिच्या कडेला गाडीचा नंबर लिहून ठेवला. तेवढ्यावरून पोलीस हाउप्टमानच्या गॅरेजपर्यंत पोचले. तिथे खंडणीचे चौदा हजारांहून जास्त डॉलर निघाले.

‘सगळं सिद्ध झालं’ आणि ‘निरपराध माणूस मारला’ ही दोन्ही टोकं सोडा. लाकूडतज्ज्ञ आर्थर कोहलर यांनी अपहरणात वापरलेल्या शिडीची एक फळी हाउप्टमानच्या घरातल्या पोटमाळ्याच्या लाकडी जमिनीशी जुळवली, खिळ्यांच्या भोकांसकट. हा पुरावा नुसता ‘शिडी सापडली’ म्हणून उरकू नका. दुसरीकडे, पहिल्या रात्री घराभोवतीची जमीन गर्दीने तुडवली. काँडन यांनी ओळखपरेडीत ठाम ओळख दिली नाही, कोर्टात मात्र दिली. लिंडबर्ग यांनी तर पावणेतीन वर्षांपूर्वी, खंडणी देताना दफनभूमीजवळ अंधारात ऐकलेल्या हाकेवरून आवाज ओळखल्याचं सांगितलं. दोन्ही बाजू मांडा.

आणि व्हायोलेट शार्पला ‘साथीदार’ म्हणू नका. ती लिंडबर्ग यांच्या सासुरवाडीची मोलकरीण. वारंवार चौकशी झाली, आणि जून १९३२मध्ये पुन्हा बोलावणं आल्यावर तिने विष घेतलं. तिचा या गुन्ह्याशी संबंध नव्हता.