नवीन सुपरहिरो कॉमिकचा रिव्ह्यू लिहायचाय? आधी एकदा डायलॉग न वाचता बघा

माझ्या मामेभावाने एकदा विचारलं, दादा स्पायडर-मॅनचं काहीतरी वाचायला दे ना, सिनेमे सगळे बघून झालेत. मी इतका खूश झालो की त्याला सरळ एका मोठ्या क्रॉसओव्हरचं जाडजूड पुस्तक दिलं, ज्यात निम्मं विश्व एकमेकांशी भांडत असतं आणि दर तिसऱ्या पानाला कोणीतरी मेलेला परत येतो. महिन्याभराने पुस्तक परत आलं, आत बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं, बाराव्या पानावर. "दादा, हे सगळे कोण आहेत?" बस, एवढंच म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं, मी त्याला मला आवडलेलं पुस्तक दिलं होतं, त्याला चालेल असं नाही. तेव्हापासून मी रिव्ह्यू लिहिणं आणि रेकमेंड करणं ही दोन वेगळी कामं धरतो, आणि दोन्ही कशी करायची ते खाली जमेल तसं लिहितोय. उदाहरणं अमेरिकन कॉमिक्सचीच घेतोय कारण नवीन सुपरहिरो कॉमिक म्हटलं की दर बुधवारी तिकडे जे येतं तेच आपण इथे बसून वाचत असतो.

आधी रिव्ह्यू.

अंक हातात आला की एकदा नेहमीसारखा वाचा, मजा घ्या, काही लिहू नका. मग दुसऱ्यांदा वाचताना डायलॉग अजिबात वाचायचे नाहीत, फक्त चित्रं बघायची. गोष्ट कळतेय का? कोण कुठे उभा आहे, मारामारीत कोणाचा हात कुठून आला, कोण चिडलंय, कोण खोटं बोलतंय, हे डायलॉगच्या फुग्यांशिवाय समजलं तर चित्रकाराने काम चोख केलंय. नाही समजलं तर लेखक फुगे भरून भरून चित्राची कमी झाकतोय, आणि हे रिव्ह्यूमध्ये यायलाच पाहिजे. साधा अंक वीसेक पानांचा असतो, त्यामुळे या दुसऱ्या वाचनाला दहा मिनिटं पण लागत नाहीत, तरी बहुतेक लोक हे करत नाहीत आणि मग रिव्ह्यू म्हणजे गोष्टीचा सारांश आणि शेवटी "आर्ट पण भारी आहे" एवढंच होतं. आर्ट भारी म्हणजे काय राव? भाजी छान झालीये म्हटल्यावर निदान मीठ-तिखटाचं तरी काही सांगाल ना.

आता २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'चा पहिला अंक घ्या. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटा, रंग फ्रँक मार्टिन, अक्षरं (म्हणजे फुग्यांतला मजकूर मांडणं) क्लेटन काउल्स. यातला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, श्रीमंत नाही, त्याच्याकडे वाडा नाही, सेवेला बटलर नाही. याच्यावर "आर्ट जबरदस्त, स्टोरी डार्क, ८/१०" असं पण लिहिता येतं. किंवा असं लिहिता येतं की हा बॅटमॅन दारातून आत कसा शिरतो असा प्रश्न पडावा इतका आडवा आहे, छातीवरचं वटवाघूळ काढलं की त्याची कुऱ्हाड होते, सगळा अवतार कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये स्वतः वेल्डिंग करून बनवल्यासारखा दिसतो, आणि त्यामुळे याच्याकडे पैसा नाही हे आपल्याला कोणी सांगायच्या आधी चित्रातूनच कळतं. दुसऱ्या प्रकारात वाचणाऱ्याला काहीतरी दिसलं. पटलं नाही तरी दिसलं, आणि ते बघून तो स्वतः ठरवू शकतो की हे आपल्याला झेपेल का.

पान उलटणं ही एक गोष्ट खास बघायची. छापील अंकात विषम नंबरचं पान उजवीकडे असतं आणि सम नंबरचं डावीकडे, म्हणजे मोठा धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर ठेवतात, पान उलटल्याशिवाय दिसत नाही. चांगले लोक उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत काहीतरी अर्धवट सोडतात, दार उघडतंय, कोणीतरी वळून बघतंय, आणि उलटलं की धाडकन पूर्ण पानभर चित्र. मोबाईलवर एकेक चौकट झूम करून वाचलं तर हा सगळा खेळ मरतो, म्हणून तुम्ही कशावर वाचलंत ते रिव्ह्यूत लिहा. मी स्वतः एका अंकाला संथ म्हणून मोकळा झालो होतो, नंतर तोच टॅबवर दोन-दोन पानं समोरासमोर ठेवून वाचला तर कळलं की संथ अंक नव्हता, मी रिक्षात बसून पाच इंची स्क्रीनवर वाचत होतो.

रंग आणि अक्षरं यांच्याबद्दल तर कोणी लिहीतच नाही. २०२५ च्या मार्चमध्ये सुरू झालेलं 'अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर' आहे ना, लेखक डेनिझ कॅम्प आणि चित्रं हावियर रॉड्रिगेझ, त्यात रंग पण रॉड्रिगेझचेच आहेत आणि लोकांच्या मनातलं रंगीत धुरासारखं बाहेर येताना दिसतं. तिथे रंगाबद्दल न लिहिता रिव्ह्यू लिहिणं म्हणजे गाण्याबद्दल लिहिताना चाल सोडून देणं. अक्षरांचं असं की चांगली असतील तर लक्षातच येत नाहीत. वाचताना कुठला फुगा आधी आणि कुठला नंतर असं एकदाही अडखळलं नाही तर अक्षरवाल्याला एक ओळ द्या, आणि अडखळलं तर कुठे ते पण सांगा.

नावं सगळी लिहायची, लेखकाचं एकट्याचं नाही. आधीच या धंद्यात श्रेयाची बोंब आहे. बॅटमॅन १९३९ मध्ये आला आणि कित्येक दशकं "निर्माता बॉब केन" एवढंच छापलं जायचं, त्याच्यासोबत बॅटमॅन घडवणारा लेखक बिल फिंगर १९७४ मध्ये वारला आणि त्याचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं २०१५ मध्ये. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये तर बरेचदा थोडक्यात कथानक ठरायचं, मग चित्रकार पानंच्या पानं रचून आणायचा आणि संवाद त्याच्यावर नंतर लिहिले जायचे, म्हणजे गोष्ट कोणी सांगितली हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीये. आपण एक ओळ जास्त टाईप केली तर बोटं झिजत नाहीत.

कथानक किती सांगायचं? माझा हिशोब असा की प्रकाशकाने जाहिरातीत जे स्वतःच सांगितलंय ते सांगायला हरकत नाही. वर मी बॅटमॅनकडे वाडा, पैसा, बटलर नाही म्हणालो ते त्यांच्या जाहिरातीतच होतं. त्या अंकात पुढे एक गोष्ट कळते जी वाचून मी उडालो, ती मी इथे लिहिणार नाही आणि तुम्ही पण लिहू नका. दोन वाक्यात कथानक संपवा आणि पुढे चला. फार मोह झाला तर "शेवटच्या पानाने माझं मत बदललं" असं लिहा, ते चालतं. "शेवटी कोण येतं ते सांगत नाही पण त्याच्या हातात हातोडा असतो 😜" हे चालत नाही.

वेगाबद्दल लिहिताना जरा जपून. १९६२ मध्ये स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला ती अख्खी गोष्ट ११ पानांची होती, कोळी चावला, ताकद आली, माज आला, काका गेले, सगळं ११ पानात. २००० मध्ये 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' आलं तेव्हा ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅग्ली यांनी तीच गोष्ट अनेक अंकांवर पसरवली. आता सर्रास पाच-सहा अंकांचा एक तुकडा धरून लिहितात कारण नंतर त्याचं एक पुस्तक निघतं. त्यामुळे पहिल्या अंकात "काहीच घडत नाही" ही तक्रार करण्याआधी बघा की माणसं उभी राहिली का, पुढचा अंक घ्यावासा वाटतोय का. पण याचा उलटा अर्थ असा पण नाही की "पुढे चांगलं होईल" म्हणून सगळं माफ, लोक एका अंकाचे चार-पाच डॉलर देतात, आपल्याकडे पोचेपर्यंत ते चारशे-पाचशेच्या घरात जातं, तेवढ्या पैशात त्या अंकात काहीतरी पूर्ण मिळायला हवं. मी नवीन सिरीजवर पहिल्या अंकानंतर दहापैकी किती हा आकडा देतच नाही, तिसऱ्या अंकानंतर देतो. हा माझा हट्ट, तुम्ही तुमचा ठरवा.

व्हेरिएंट कव्हर, म्हणजे त्याच अंकाची वेगवेगळी मुखपृष्ठं, किती आली, अंक दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा छापावा लागला का, पुढे किंमत वाढेल का, हे सगळं बाजारभाव झालं. दुकानदारांना ऑर्डर पक्की करायची शेवटची तारीख अंक यायच्या काही आठवडे आधीच असते, त्यामुळे ढोल आधीपासूनच वाजायला लागतात आणि वाचायच्या आधीच आपलं मत तयार झालेलं असतं. आणि अंक फुकट मिळाला असेल तर तसं पहिल्याच ओळीत लिहून टाका, लपवलं की लोकांना वास येतोच.

आता रेकमेंड करणं. इथे आधी पुस्तक डोक्यातून काढा आणि समोरच्या माणसाकडे बघा. मी आता तीन प्रश्न विचारतो. शेवटचं काय आवडलं, कॉमिकच पाहिजे असं नाही, सिरीयल, नाटक, काहीही. दुसरं, अर्धवट राहिलेली गोष्ट चालते का, म्हणजे महिनाभर पुढच्या अंकाची वाट बघायची तयारी आहे का. तिसरं, किती पैसे. तिसरा विचारायला लाज वाटते पण विचाराच.

याच्या उत्तरांवर सगळं ठरतं. चाळिशीतला मित्र आहे, दोन पोरं, ऑफिस, ईएमआय, त्याला २०२४ चं 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' द्या, जोनाथन हिकमन आणि मार्को केकेत्तोचं. त्यात पीटर पार्करच मेरी जेनचा नवरा आणि दोन मुलांचा बाप आहे आणि ताकद त्याला या वयात मिळते, पहिल्या अंकात मारामारी जवळजवळ नाहीच, लोक बसून बोलतात. माझ्या अशाच एका मित्राला ते इतकं लागलं की रात्री दीडला फोन केला त्याने. तेच पुस्तक मी बारावीतल्या पोराला दिलं असतं तर तो दुसऱ्या पानावर झोपला असता. भाचीला, बारा-तेरा वर्षांची, मी 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन' दिलं, जीन लुएन यांगने लिहिलेलं, अगदी नवं नाही, २०१९-२० चं, पण एका पुस्तकात सुरू होऊन एका पुस्तकात संपतं. १९४६ चं मेट्रोपोलिस, एक चिनी-अमेरिकन कुटुंब नवीन वस्तीत राहायला येतं आणि शेजारच्यांना ते खपत नाही. नवीन जागी बिचकणारी पोरगी त्यात आहे, भाचीची तेव्हा नुकतीच शाळा बदलली होती, मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' मात्र मी तिला देणार नाही, रक्त फार आहे. बॅटमॅन म्हणजे लहान मुलांचं असं समजून घरोघरी हे घोळ होतात, वेताळ-मँड्रेकच्या जमान्यातली आपली काका मंडळी तर कव्हर बघून सरळ घेऊन टाकतात, म्हणून वयाची सूचना आधी बघा आणि सांगताना स्पष्ट सांगा.

कोणी "सुरुवात कुठून करू" विचारलं तर १९३८ पासून, म्हणजे सुपरमॅन पहिल्यांदा आला तिथपासून, अजिबात नको, प्लीज. बॅकग्राउंड म्हणून सतरा पुस्तकांची यादी पाठवणारे लोक मी बघितलेत, यादी बघूनच माणूस पळतो. एकच पुस्तक सांगा. आणि सांगताना वर्ष आणि लेखकाचं नाव जोडूनच सांगा, कारण नंबर एकपासून परत परत सुरू करायची या प्रकाशकांना सवय आहे, वर आलंच की 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' नंबर एक २००० चं पण आहे आणि २०२४ चं पण, एकात शाळकरी पोरगा आहे आणि दुसऱ्यात बाप. नुसतं नाव सांगितलं आणि समोरच्याने दुसरंच मागवलं असं माझ्या बाबतीत झालंय, वर शिव्या मलाच.

पैशाचं म्हणाल तर सुट्या अंकांच्या मागे लागू नका असं मी नवीन माणसाला सांगतो, पाच-सहा अंकांचं पुस्तक निघेपर्यंत थांबलं तर स्वस्त पडतं. मार्व्हलचं महिन्याच्या वर्गणीवर चालणारं अ‍ॅप आहे, त्यात नवीन अंक छापील आल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी येतात, ज्याला घाई नाही त्याला ते बेस्ट. बॅटमॅन-सुपरमॅनवाल्या डीसीने २०२४ पासून छोट्या आकाराची पुस्तकं काढलीत, तिकडे किंमत ९.९९ डॉलर, जुन्या गाजलेल्या गोष्टी त्यात मिळतात, अक्षर थोडं बारीक आहे, चष्मा असलेल्यांना आधी सांगून ठेवा.

आणि पुस्तक दिल्यावर रोज "वाचलं का, कुठपर्यंत आलास" करू नका. मी मामेभावाला दुसऱ्यांदा पुस्तक दिलं तेव्हा तोंडाला कुलूप लावलं होतं, खरंच. दोन महिने काही नाही. मग दिवाळीत भेटला तर फराळाचं ताट हातात घेऊन माझ्याशी वाद घालायला लागला की पीटरने घरी आधीच सांगायला पाहिजे होतं, मेरी जेनपासून असं लपवणं बरोबर नाही, आणि मामी मध्येच, कोण मेरी जेन, कोणाचं काय चाललंय?