मूडलवर टेस्ट घ्यायचीय? आधी कोणाला गाठायचं ते बघा

मूडल म्हणजे कोर्स आणि टेस्ट ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर. परवा आमच्याच डिपार्टमेंटच्या एका नवीन मॅडम रडवेल्या चेहऱ्याने आल्या. सर, मूडलवर ४० प्रश्न टाकले आणि मराठीच्या जागी नुसती चिन्हं न् चौकोन दिसतायत. मी विचारलं फाइल कशात टाइप केलीय, तर श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे डिपार्टमेंटची जुनी क्वेश्चन बँक जशीच्या तशी कॉपी पेस्ट. आता यात मूडलचा काही दोष नाही. ते जुने फॉन्ट म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचेच कोड आणि वर मराठीचा मुखवटा, तो फॉन्ट समोरच्याच्या मोबाईलमध्ये नसला की मुखवटा गळून पडतो. उपाय एकच, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर मराठी नीट दिसते त्या कोडमध्ये, कन्व्हर्ट करायचं. नेटवर कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर डोळ्याखालून घालाच, रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मॅडम आधी तीन दिवस एकट्याच झुंजत बसल्या होत्या, आणि आपल्यातले बरेच जण हेच करतात. विद्यापीठात, कॉलेजात मदत असते हो, पण ती एका दारावर पाटी लावून बसलेली नसते, तुकड्या तुकड्यात असते, आणि कुठला तुकडा कोणाकडे ते माहीत नसतं.

मूडलपासून सुरू करू. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, २००२ पासून आहे, लायसन्सचे पैसे लागत नाहीत, पण सर्व्हर कोणीतरी सांभाळावा लागतो. तो कोणीतरी म्हणजे तुमचा अॅडमिन. आयटी सेलमध्ये असेल किंवा कॉम्प्युटर सायन्सचे एखादे सर असतील ज्यांच्या गळ्यात ते पडलंय. त्यांच्याकडे जाऊन "मला ऑनलाइन शिकवायचंय" असं म्हणू नका, ते नुसतं हो हो म्हणतील आणि विसरतील. नेमकं मागा, माझ्या कोर्सला मला टीचरचा रोल द्या, ही एक्सेल शीट घ्या यातली सगळी मुलं एकदम अॅड करा, आणि एक खोटा स्टुडंट लॉगिन द्या. हा खोटा लॉगिन फार कामाचा, टेस्ट मुलांना कशी दिसते ते आपल्याला आधी बघता येतं. आणि हो, सेमिस्टर संपलं की कोर्सचा बॅकअप मागून घ्या, आमच्याकडे एकदा सर्व्हर बदलला तेव्हा माझं वर्षभराचं काम गेलं होतं, तेव्हापासून मी पेनड्राइव्हवाला माणूस झालोय.

प्रश्न एकेक करून टाकू नका, हात मोडतील. साध्या नोटपॅडमध्ये प्रश्न लिहा, पुढे महिरपी कंसात पर्याय, बरोबर उत्तराआधी = आणि चुकीच्या आधी ~, दोन प्रश्नांत एक ओळ मोकळी. याला गिफ्ट फॉरमॅट म्हणतात. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा नाहीतर मराठीची परत वाट लागेल. गणितवाल्यांनी लक्ष द्या, प्रश्नातच = आलं तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ \ द्यावी लागते नाहीतर मूडल त्यालाच उत्तर समजतं.

मूडल शिकायचं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, छोटे व्हिडिओ, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर उघडून बघता बघता करायचं. बऱ्याच विषयांचे मराठीत डब केलेलेही आहेत. माझ्या मते दोन दिवसांच्या कार्यशाळेत हजेरीची सही करून चहा पिण्यापेक्षा हे बरं.

दुसरी व्यक्ती म्हणजे लायब्ररियन, आणि यांना आपण फार कमी विचारतो. कॉलेज एन-लिस्टमध्ये (कॉलेजांना जर्नल, ई-बुक देणारी योजना) असेल तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत जर्नल आणि ई-बुक घरबसल्या मिळतात, फक्त तुमच्या नावाचा आयडी लायब्ररीतून काढून घ्यायचा. पुस्तकांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकण्याआधी एकदा तिथे बघा.

व्हिडिओ करायचे असतील तर मोबाईल आणि बंद पंखा एवढं बास होतं, पंख्याचा आवाज माइकमध्ये हेलिकॉप्टरसारखा येतो. पण स्वयम् वरचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा कोर्स तयार करायचा असेल तर मात्र स्टुडिओ लागतो, आणि पुणे विद्यापीठाच्या आवारात ईएमएमआरसी, म्हणजे शैक्षणिक व्हिडिओ बनवणारं केंद्र, त्यासाठीच आहे. तिथे जायच्या आधी स्क्रिप्ट लिहून न्या, कारण स्वयम् ला नुसता व्हिडिओ चालत नाही, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि स्वाध्याय असे चार भाग लागतात. कपड्यांचं पण सांगतो, बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरतो, मागे हिरवा पडदा असेल तर हिरवी साडी नेसू नका, नुसतं डोकं आणि हात तरंगताना दिसतील.

सायन्सवाल्यांसाठी व्हर्च्युअल लॅब आहेत, ब्राउझरमध्येच प्रयोग, पैसे नाहीत. कॉलेज या लॅबचं नोडल सेंटर असेल तर तिथल्या कोऑर्डिनेटर सरांना विचारा. आणि एनपीटीईएलचं (स्वयम् वर आयआयटींचे कोर्स चालवतं ते) लोकल चॅप्टर कॉलेजात असेल तर त्याचे एसपीओसी, म्हणजे संपर्काची व्यक्ती, कोण ते शोधा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून घेता येतात, पण क्रेडिट खरंच जमा होणार का हे आधी परीक्षा विभागाकडून लेखी घ्या, तोंडी "होऊन जाईल सर" वर मुलांना पैसे भरायला लावू नका.

कुठेही जा, दोन ओळींचा अर्ज एचओडींच्या सहीने द्या आणि तारीख टाकून पोच घ्या. आणि टेस्टच्या आदल्या दिवशी चार मुलांना कॅन्टीनमध्ये बसवून त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्याच डेटावर चालवून बघा, लॅबच्या वायफायवर सगळंच चालतं. मॅडमनी तसं केलं, तर ४० पैकी ३ प्रश्नांत रफार उडालेला सापडला आणि एका मुलाला आकृतीच दिसत नव्हती, फोटो ८ एमबीचा होता.